पैठणी, पंगत आणि ठिगळाचे लुगडे

चवथीच्या दिवसांत खाणे आणि नेसणे या दोन विषयांवर बोलायला कोणाची हरकत नसते. माटोळी बांधून झाली, नेवऱ्यांचे डबे भरले, खतखत्याच्या भाज्या निवडायला घेतल्या की घरातल्या वडीलधाऱ्या बायका कपाटातली ठेवणीतली साडी बाहेर काढतात. ती कोणाच्या लग्नातली, कोणी घेतली, तेव्हा किती रुपयांना मिळाली, हा इतिहास पुन्हा एकदा सांगून होतो. एरवी मात्र याच दोन विषयांत जास्त रमणाऱ्याला आपण चैनी म्हणतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अशाच एका चैनी माणसाचे चरित्र घेतले आहे. त्यांच्या पैठण्यांची, अत्तरांची आणि पंगतींची कीर्ती त्यांच्या गाण्याबरोबरच दूरवर गेली, आणि या शौकांनी त्यांना कर्जातही घातले. हे गृहस्थ म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

पेडण्याच्या वाचकाला त्यांची ओळख करून देणे सोपे आहे. आपल्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी काला होतो. त्यात स्त्रीपार्टी करणारा नट आपला पेटारा आपण उचलून आणतो, आरशासमोर बसून आपले तोंड आपणच रंगवतो आणि नऊवारी नेसून असा काही उभा राहतो की पुढच्या रांगेतल्या आजीबाईसुद्धा त्याच्या निऱ्यांना नावे ठेवू शकत नाहीत. पुरुषाने बाई होऊन दाखवणे हे आपल्याला नवलाचे नाही. बालगंधर्वांचे नवल त्याच्या पुढचे होते. खऱ्याखुऱ्या बायका त्यांच्याकडे पाहून नेसायला शिकल्या.

राजहंस घराणे सांगली भागातल्या नागठाण्याचे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. गळा लहानपणापासूनच गोड होता. जळगावला नातेवाइकांकडे असताना मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले, अशी हकिकत सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या पदव्यांत इतकी टिकलेली दुसरी पदवी सापडणे कठीण. मूळ नाव घेऊन विचारले तर आज दहांतले आठ जण गप्प बसतील.

पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले. मुलाला कानाचा त्रास होता. महाराजांनी मिरजेच्या डॉ. वॉन्लेस यांच्याकडून त्यावर उपचार करवले. त्या काळी किर्लोस्कर नाटक मंडळी भाऊराव कोल्हटकरांच्या मृत्यूने पोरकी झाली होती. भाऊराव १९०१ मध्ये गेले, आणि त्यांच्यासारखी नायिका उभी करणारा नट मंडळीला मिळत नव्हता. १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर मंडळीत आले आणि मिरजेला शाकुंतलातली शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. वय सतरा. त्यानंतर सुमारे तीस वर्षे महाराष्ट्राने सौंदर्याचे माप म्हणून या एका पुरुषाकडे पाहिले.

१२ मार्च १९११ ही तारीख नाट्यवेड्यांच्या पाठ असते. त्या दिवशी खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारल्याची बातमी आली. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. नारायणरावांनी भामिनीचे काम केले, गाणी म्हटली, वन्समोअर घेतले. ही गोष्ट नेहमी कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती सांगताना दर वेळी घरी असलेल्या लक्ष्मीबाई आठवतात. मूल त्यांचेही होते, आणि त्यांना तोंडाला रंग लावून दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात जाण्याची सोय नव्हती. पुढे जो खर्चाचा विषय येणार आहे तोही वाचकांनी लक्ष्मीबाईंना लक्षात ठेवून वाचावा.

मानापमानाची गोष्टच मुळी कपड्यांची आहे. श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला तुच्छ लेखते, आणि मग वनमालेच्या साध्या वेषात त्याला पारखायला जाते. एकाच रात्री प्रेक्षकांना श्रीमंतीही दिसे आणि तिच्याविना असलेले रूपही. नारायणरावांना दोन्ही शोभत. पण लोक पाहायला येत ते श्रीमंती, आणि त्यांना स्वतःलाही तीच आवडे.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या जाण्याने किर्लोस्करांकडे जी पोकळी झाली तिच्यात लवकरच आपल्या मंगेशीचा एक मुलगा दाखल झाला, हे गोमंतकीयांनी विसरू नये. त्याचे नाव दीनानाथ मंगेशकर. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

स्वतःची मंडळी झाल्यावर नारायणरावांचा हात मोकळा झाला. तोवर नाटकमंडळ्यांत राणीच्या अंगावरही भरजरीचा आभास देणारा माल असायचा. खोटी जर, खड्यांऐवजी काचा, दुरून चमकले की पुरे. गॅसबत्तीच्या उजेडात कोणाला कळते, असा हिशोब. नारायणरावांना हा हिशोब मान्य नव्हता. रुक्मिणी राजकन्या असेल तर तिच्या अंगावर राजकन्येचेच वस्त्र हवे. मग अस्सल पैठण्या आल्या, बनारसी शालू आले, दागिने खरे आले. १० डिसेंबर १९१६ रोजी स्वयंवर रंगभूमीवर आले तेव्हा भास्करबुवा बखले यांच्या चालींनी कान तृप्त झाले आणि रुक्मिणीच्या साजाने डोळे.

इथे आमच्या भगिनी वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो. खऱ्या जरीचा खोट्या जरीशी फरक काय? अस्सल जर म्हणजे चांदीची केसासारखी तार काढून, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा. अशा जरीचा पदर जड असतो. तो खांद्यावरून आपोआप नीट पडतो, चालताना फडफडत नाही, आणि दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला की चकाकण्यापेक्षा उजळतो. पैठणीचा पदर विणताना मोर, आसावली, नारळी काठ हे सारे ताण्यातच रंगीत धागे फिरवून भरायचे असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि एक विणायला महिने लागतात. नारायणरावांचा हट्ट नुसता श्रीमंती थाटाचा नव्हता, असे आम्हांला वाटते ते यामुळेच. नटाच्या चालण्याला वस्त्राचे वजन लागते. हलक्या कापडात राणीसारखे चालता येत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. ज्यांच्या घरी आजीची पैठणी किंवा शालू आहे त्यांनी ते वस्त्र वर्षातून दोनदा तरी उलगडावे आणि घडीच्या रेषा बदलाव्यात, नाहीतर जर नेमकी घडीवर चिरते. डांबरगोळी थेट जरीला लागू देऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे. आपल्या गोव्याच्या पावसाळी हवेत तर याची दुप्पट गरज. वारा द्यायचा तो सावलीत, उन्हात नाही.

तर नारायणरावांच्या नेसण्याचा परिणाम थिएटरबाहेर दिसू लागला. पदर कसा घ्यावा, खोपा कुठे असावा, गजरा कसा माळावा, नथ कोणत्या घाटाची असावी, हे बायका नाटक पाहून येत आणि घरी करून पाहत. पुरुषांत गंधर्व टोपीचे खूळ आले. चांगल्या घरच्या स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे ज्या समाजाला मान्य नव्हते, त्याच समाजातल्या बायका नटण्याचे धडे एका पुरुषाकडून घेत होत्या. या विसंगतीवर हसू येते, पण त्या काळच्या बाईला स्वतःकडे आनंदाने पाहायला एवढी एकच खिडकी होती, हेही खरे. स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर यांपलीकडे तिला नटून कुठे जायला जागा होती?

अत्तराचा शौक दुसरा. चांगल्या अत्तराला नारायणरावांनी कधी किंमत विचारली नाही, असे जुनी माणसे सांगत. पडदा वर जायच्या आधीच सुवास प्रेक्षकांपर्यंत पोचे, आणि त्यावरूनच आज गंधर्वांचा प्रयोग आहे हे कळे. आता अत्तराचा वास कोणत्याही छायाचित्रात येत नाही, ध्वनिमुद्रिकेत ऐकू येत नाही. म्हणजे हा खर्च सर्वांत आधी हवेत गेलेला. पण ज्यांनी तो वास घेतला त्यांनी तो नातवंडांना सांगितला आणि आज शंभर वर्षांनी आम्ही तो लिहितो आहोत.

तिसरा शौक पंगतीचा. नाटकमंडळीचे जेवण म्हणजे काय, याची कल्पना आजच्या पिढीला येणार नाही. मंडळी एका गावात येई ती काही आठवडे राही. मोठा वाडा भाड्याने घ्यायचा, त्यात बिऱ्हाड थाटायचे. नट, बालनट, साथीदार, गवई, पडदेवाले, सुतार, कपडेपट सांभाळणारे, आचारी, पाणक्ये, शिवाय येणारे-जाणारे, लेखक, स्नेही, गावातले प्रतिष्ठित, आणि जेवणाच्या वेळेचा अंदाज घेऊन येणारे इतर पुष्कळ. सगळ्यांची पाने एकाच स्वयंपाकघरातून मांडली जात. गंधर्व मंडळीत या पानांवर हात राखून वाढण्याची पद्धत नव्हती. साजूक तूप, पक्वान्न, आग्रह. नारायणराव स्वतः खाण्याचे शौकीन, पण एकट्याने चांगले खाणे त्यांना चांगले वाटत नसे. आपल्या पानात जे आहे ते पडदा ओढणाऱ्याच्या पानातही असावे, अशी त्यांची रीत होती.

आता आमच्यासारख्या सरकारी नोकराचा हात इथे आपोआप हिशोबाकडे जातो. आमची हयात अंदाजपत्रके आणि मोजमाप वह्यांत चालली आहे. नाटक आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, चूल मात्र रोज दोन वेळा पेटणार. पावसाळ्यात प्रयोग कमी, पोटे तेवढीच. एखाद्या गावी प्लेग किंवा तापाची साथ आली की मुक्काम हलवायचा, भाडे दिलेले बुडायचे. उत्पन्न तिकिटांचे, तेही त्या रात्री आवाज लागला तर. असे अंदाजपत्रक आमच्या टेबलावर आले असते तर पहिल्याच पानावर लाल शाईने परत गेले असते. त्यातून कपडेपटाची रक्कम पाहिल्यावर फाइल कुठल्या कुठे गेली असती!

पण नारायणरावांचा हिशोब वेगळ्या जमेवर चालत होता. प्रेक्षकांना ते मायबाप मानत, अन्नदाते म्हणत. हा शब्द ते तोंडदेखला वापरत नसत. अन्न प्रेक्षकाने दिलेले, तर ते पंगतीत वाटले पाहिजे. पैसा प्रेक्षकाने दिलेला, तर तो रंगमंचावर त्याच्याच डोळ्यांसमोर परत ठेवला पाहिजे. मिळालेल्या पैशाचे घर बांधावे, जमीन घ्यावी, बँकेत ठेवावा, हे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. त्यांना चैनी म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांनी जमवलेल्या पैठण्यांचा उपभोग तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने घेतला. साथीला त्यांनी तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसवले. आज या नावांच्या मैफलीला आपण वेगळे तिकीट काढले असते. त्या काळी नाटकाच्या तिकिटातच ते ऐकायला मिळत.

आणि मग १९१९ साल आले. राम गणेश गडकरी २३ जानेवारीला वारले, आणि त्यांचे एकच प्याला २० फेब्रुवारीला बडोद्याला रंगभूमीवर आले. बोडस सुधाकर झाले, नारायणराव सिंधू. वाचकांना कथानक माहीतच आहे. नवरा दारूच्या नादाने बुडतो, घर बुडते, आणि सुखवस्तू घरची सिंधू पोराच्या तोंडी घास घालण्यासाठी जात्यावर बसून दळण दळते.

ज्यांना पाहायला लोक भरजरीसाठी येत ते बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेल्या लुगड्यात आले. अंगावर दागिना नाही, केसांत गजरा नाही. ज्याच्या पंगतीत तुपाची धार थांबत नसे तो नट रंगमंचावर मूठभर पिठासाठी जाते ओढत होता. आणि महाराष्ट्राने रुक्मिणीला जेवढे डोक्यावर घेतले त्याहून जास्त सिंधूला घेतले. बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडत. त्यांत पुष्कळ जणी अशा असणार की ज्यांनी ही सिंधू आपल्या शेजारी, किंवा आपल्याच घरी, पाहिली होती.

यावरून कोणी असे म्हणेल की मग त्या पैठण्या व्यर्थच होत्या, खरी कला ठिगळातच दिसली. आम्हांला हे पटत नाही. ज्या बाईला लोकांनी दहा वर्षे शालूत पाहिले होते तीच फाटक्या लुगड्यात समोर आली, म्हणून ते लुगडे प्रेक्षकांच्या काळजाला लागले. नवख्या नटाने तीच ठिगळे लावली असती तर ती नुसती ठिगळे दिसली असती. सिंधूचे दारिद्र्य उभे राहायला आधी रुक्मिणीचे वैभव लोकांच्या डोळ्यांत असावे लागले.

नारायणरावांनी मात्र त्यातून काटकसरीचा धडा घेतला नाही. पुढच्याच वर्षी खाडिलकरांचे द्रौपदी आले. मयसभा दाखवायची तर ती मयसभेसारखीच दिसली पाहिजे, म्हणून नेपथ्यावर आणि पोशाखांवर असा पैसा ओतला की मंडळीची तिजोरी कोरडी पडली. टेंबे आधीच बाहेर पडले होते, बोडसही बाजूला झाले. मालक म्हणून सगळा भार नारायणरावांवर आला आणि कर्जाचा आकडा लाखाच्या वर गेल्याचे उघड झाले. त्या काळचा लाख, हे वाचकांनी विसरू नये.

याच सुमारास, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झाले. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एकत्र उभे राहिले. केशवरावांचे नाव आपल्याला दुसऱ्याही कारणाने जवळचे आहे. आपल्या पेडण्याचे नाव आडनावात वागवणाऱ्या हिराबाई पेडणेकर यांचे दामिनी हे नाटक त्यांच्याच मंडळीने १९१२ मध्ये रंगभूमीवर आणले होते. स्त्रीने लिहिलेले नाटक रंगभूमीवर येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बाईचे शब्द चालले, पण ते बोलायला पुरुषच उभे राहिले, हा त्या काळाचा विचित्र न्याय. संयुक्त मानापमानाच्या तिकिटांवर लोकांच्या उड्या पडल्या, फंडाला हजारो रुपये मिळाले. स्वतः कर्जात असलेल्या माणसाने त्यातली एक दिडकी आपल्याकडे वळवली नाही. पुढे तीनच महिन्यांत केशवराव गेले आणि ती जोडी पुन्हा दिसली नाही.

कर्जाचे काय झाले? मित्रांनी आणि धनिकांनी ते परस्पर फेडून टाकण्याची तयारी दाखवली होती. नारायणरावांनी ती नाकारली. प्रेक्षकांनी तिकीट काढून दिलेला पैसा तेवढा आपला, दान नको, अशी त्यांची भूमिका होती. मग गावोगाव प्रयोग लावून, रात्र रात्र गाऊन पुढच्या काही वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडले. अंदाजपत्रकाबाबत आम्ही वर जे बोललो ते मागे घेत नाही, पण देणे फेडण्याच्या बाबतीत आमच्या ओळखीचे कितीतरी काटकसरी लोक त्यांच्या पासंगाला पुरणार नाहीत.

तरीही हे सगळे गौरवाने लिहिताना हात थोडा अडतो. मंडळीच्या पंगतीत परका माणूस तुपाशी जेवत होता, तेव्हा मालकाच्या संसारात पुंजी म्हणून काही साठत नव्हते. लक्ष्मीबाईंनी मुले गमावली, नवऱ्याचे दौरे पाहिले, कर्ज पाहिले, ते फिटलेलेही पाहिले. रंगमंचावरची सिंधू सगळ्या महाराष्ट्राने ओळखली. घरातल्या बाईचे नाव चरित्रांत दोन-तीन ठिकाणी येते आणि १९४० मध्ये तिच्या निधनापाशी थांबते. उदार माणसाच्या उदारपणाचा खर्च कोणाच्या तरी नावावर पडतोच, आणि त्या नावाला कोणी वन्समोअर देत नाही.

दिवस बदलले ते कर्ज फिटल्यावर. १९३२ मध्ये अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र होते त्यांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे, आणि तारामती होत्या दुर्गा खोटे, चांगल्या घरच्या, शिकलेल्या, आणि खरोखरीच्या बाई. पुढच्या वर्षी नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक केले आणि त्यात आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर आल्या. घरातल्यासारखी साडी, घरातल्यासारखे बोलणे, मोजकी पदे. प्रेक्षकांना कळून चुकले की बाईला बाई दाखवायला पैठणीचा पेटारा लागत नाही. ज्या फोंडा महालाने देवळांच्या आश्रयाने गाणे जपले तिथल्याच मुलीने हा बदल घडवावा, याचा आम्हांला गोमंतकीय म्हणून अभिमान वाटतो. गंधर्वांचा प्रेमी म्हणून मात्र थोडे वाईटही वाटते.

नारायणरावांनी मंडळीचा गाडा थांबवला आणि ते प्रभात कंपनीकडे गेले. १९३५ चा धर्मात्मा हा व्ही. शांतारामांचा चित्रपट त्यातून झाला. त्याचे आधीचे नाव महात्मा होते, ते सरकारने चालू दिले नाही. त्यात नारायणराव संत एकनाथ झाले. अंगावर ना शालू, ना नथ, साधा पांढरा पुरुषी वेष. आणि या चित्रपटाचा कळस आहे एका जेवणाचा. एकनाथ महाराच्या घरी जाऊन पानावर बसतात आणि पैठण हादरते. पैठण म्हटले की आपल्याला आधी पैठणी आठवते, पण त्याच गावी एकनाथांची ही पंगत झाली, आणि ती करून दाखवायला महाराष्ट्रातला सर्वांत शौकीन यजमान कॅमेऱ्यापुढे बसला होता. हा चित्रपट जुन्या चित्रपटांच्या संग्रहांत पाहायला मिळतो. तरुण मुलांनी एकदा जरूर पाहावा.

प्रभातशी त्यांचे पुढे जमले नाही. त्यांना समोर प्रेक्षक लागत. तुकड्यातुकड्यांनी गाणे, दिव्याच्या झोतात तीच ओळ पाच वेळा म्हणणे, दाद कोणाची नाही, हे त्यांच्या स्वभावाला रुचणारे नव्हते. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या साध्वी मीराबाईत ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण पडद्यावर वय झाकत नाही. चित्रपट चालला नाही. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. बालगंधर्वांच्याच गायकीवर पोसलेला त्यांचा गळा. आता नायिका गोहरबाई करू लागल्या. दोघे एकत्र राहू लागले आणि चाहत्यांतले पुष्कळ जण दुरावले. त्यावर इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालत नाही. एवढे खरे की पडत्या काळात सांभाळ गोहरबाईंनी केला.

त्यानंतरची वर्षे ओढगस्तीची. पायांनी साथ सोडली, उभे राहणे सुटले. नाटकाऐवजी भजन राहिले. मखमली पडदे, गालिचे, शालू, खरे दागिने यांतले हाती फारसे काही उरले नाही. मुंबईतल्या साध्या बिऱ्हाडात हा माणूस बसून गात असे आणि येणाऱ्याला काहीतरी खाल्ल्याशिवाय जाऊ देत नसे, असे भेटून आलेली मंडळी सांगत. १९५५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसवण्यात आली होती. इमारत पुरी झालेली त्यांनी पाहिली नाही. उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी झाले. तिथे गोपाळराव देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रे लावली आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. पुण्याला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्या सभासदांनी नाटक सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे आधी जाऊन ती पाहावीत. आम्ही गेलो तेव्हा स्त्रीवेषातल्या चित्रासमोर दोन प्रौढ बायका उभ्या होत्या. तिसरी घंटा झाली तरी त्या हलल्या नाहीत. चित्रातली साडी नेमकी कोणती, यावर त्यांचे एकमत होत नव्हते.